जागल्या एकाच बाजूला बघतो

आई गेल्यावर केतकी महागावकर रडली नाही, या गोष्टीची चर्चा साताऱ्यातल्या समस्त आत्या-मावश्यांनी तेराव्यापर्यंत पुरवून पुरवून केली. "रडून घे गं बाई, आत साठवून ठेवू नये," असं एकजण म्हणायची, दुसरी मान हलवायची, आणि केतकी पानात वाढलेलं निमूट जेवायची. तिला भूक लागत होती, झोपही येत होती. फक्त जेवणारी आणि झोपणारी बाई कुणी दुसरीच आहे, असं तिला वाटत होतं. दात काढण्याआधी डॉक्टर सुई देतात, मग गाल आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही, तसं तिचं झालं होतं. तिला स्वतःला याचं वाईटही वाटत नव्हतं.

तेरावं आटोपल्यावर ती पुण्याला परतली आणि सकाळी सरळ कामावर हजर झाली. हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत आईच्या खोलीच्या छतावरून उतरवलेली पाटी. "आता कुणावर लक्ष ठेवायचंय?" असं म्हणून तिच्या वडिलांनी, अप्पांनीच, ती स्टुलावर चढून काढली होती.

या पाटीला सगळा महाराष्ट्र एव्हाना 'जागल्या' म्हणून ओळखायला लागला होता. पूर्वी गावात रात्रीचा पहारा देणारा जागल्या असे, त्याचंच नाव कंपनीने उचललं होतं. शाळेच्या पाटीएवढी पांढरी चौकट छताला लावायची, बस्स. ती खोलीभर सूक्ष्मलहरी सोडते, झोपलेल्या माणसाच्या छातीवरून परतणारी लहर टिपते आणि छाती गव्हाच्या दाण्याएवढी वर उचलली गेली तरी ओळखते. माणूस उठून चालायला लागला की पाटीचा झोत त्याच्या मागे मागे जातो. पातळ भिंतीचाही तिला अडसर वाटत नाही. अंगाला काही चिकटवायचं नाही, कॅमेरा नाही, म्हणून म्हाताऱ्यांची तक्रारही नाही. मुलांच्या फोनवर एक हिरवा ठिपका दिसत राहतो आणि त्याखाली लिहिलेलं असतं: श्वास शांत आहे. ज्या शहरांतली निम्मी मुलं परदेशी, तिथे असल्या वस्तूवर लोकांनी उड्या मारल्या यात नवल ते काय!

आणि या जागल्याची मान वळवणारा जो भाग, तो केतकीचा होता. कंपनीत त्याला सगळे 'केतकीचे पूल' म्हणत.

त्या पुलांची गोष्ट अशी. पाटीच्या पोटात शेकडो इवल्या अँटेना ओळीने बसवलेल्या असतात. सगळ्यांनी एकाच क्षणी लहर सोडली तर झोत सरळ समोर जातो. पण डावीकडच्या अँटेनांनी अंमळ उशीर केला तर झोत डावीकडे वळतो. शाळेच्या कवायतीत रांग वळताना आतला मुलगा जागच्या जागी पाय आपटतो, बाहेरचा लांब टांगा टाकतो आणि रांग न मोडता वळते, त्यातलाच हा प्रकार. तेव्हा प्रश्न एवढाच, की प्रत्येक अँटेनाच्या लहरीला हवा तेवढा उशीर कसा करायचा? केतकीने लहर जिथून जाते त्या तारेवर केसाहूनही बारीक धातूचे पूल टांगले होते. पुलाला व्होल्टेज दिलं की तो खाली झुकतो. तार आणि पूल मिळून एक कपॅसिटर होतो, पूल जवळ आला की त्याची भार साठवायची ताकद वाढते आणि तिथून जाणारी लहर जरा रेंगाळते. व्होल्टेज काढलं की पूल आपल्या लवचिकपणाने पुन्हा वर जातो. ना मोटर, ना दातेरी चाकं. वीज इतकी कमी लागते की देवघरातला इवला दिवासुद्धा तिच्यापुढे उधळ्या वाटावा. पूर्वी असली पाटी फक्त लढाऊ विमानांना परवडायची. केतकीच्या पुलांनी ती साताऱ्याच्या शनिवार पेठेत आणली.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, की आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा केतकीला रजा मिळेना, कारण तिच्या पुलांची मागणी तुफान वाढली होती. आईची उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती. सुरुवातीला सकाळची एक बाई होती, दुपारची दुसरी होती आणि केतकी दर शनिवारी साताऱ्याला जायची. मग घरी जागल्या लागला. टोरांटोहून धाकट्या तन्मयचा फोन आला, "ताई, तुझा जागल्या आहे ना आता? मग दुपारच्या बाईंची काय गरज? अप्पांनाही ती घरात नकोच असते." यात त्याचं चुकलं असं केतकीला वाटलं नाही. दुपारची बाई बंद झाली. केतकीचे शनिवारही हळूहळू विरळ झाले. मीटिंगमध्ये बसल्या बसल्या ती फोन उलटा करून हिरवा ठिपका बघायची, आणि आईला भेटून आल्यासारखं तिला वाटायचं. खोटं कशाला बोला, भेटण्यापेक्षा ते सोपंही होतं.

मग त्या दिवशी, दुपारच्या चहाच्या सुमाराला, ठिपका लाल झाला. 'श्वास दिसत नाही.' तिने अप्पांना फोन लावला. अप्पा धावले. आई न्हाणीघराकडे जाणाऱ्या बोळात पडलेली होती, पलंगाशी नुसताच आणून ठेवलेला वॉकर आडवा झाला होता. झटक्यानंतर ती पहिल्यांदाच उठून चालली होती. डॉक्टरांनी फोनमधली नोंद पाहिली. अगदी त्या क्षणापर्यंत श्वास शांत होता. "काही कळलंच नसेल त्यांना," ते म्हणाले. "उभ्या उभ्या हृदय थांबलं. पुण्यवान बाई!" तीच वेळ मृत्यूची म्हणून कागदावर पडली. तन्मय फोनवर हुंदके देत म्हणाला, "ताई, तुझ्यामुळे निदान एवढं तरी कळलं, की आईला त्रास नाही झाला." नातेवाइकांनी या एका वाक्यावर तेरा दिवस काढले.

कंपनीचा एक रिवाज होता. घरातून परत आलेली प्रत्येक पाटी पुन्हा एकदा बंडोपंतांसमोर धरायची. बंडोपंत म्हणजे तपासणीच्या खोलीतला रबरी बाहुला. त्याच्या छातीत फुगा होता, तो श्वासासारखा फुगायचा आणि बसायचा. बाहुला रुळावर बसवलेला होता आणि रात्रंदिवस या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहायचा. खंडेनवमीला त्याला झेंडूची माळ आणि कपाळाला गंध. आरतीपुरताच काय तो बाहुला थांबायचा. बंडोपंत थांबता कामा नयेत, हा केतकीचाच दंडक होता. बाहुला जितका जास्त फिरेल तितके पूल जास्त वेळा वरखाली होतील आणि ते किती टिकतात हे तितकं लवकर कळेल. अब्जावधी वेळा वरखाली होऊनही एक पूल तुटला नाही, हे ती परिषदांमध्ये अभिमानाने सांगायची.

ही तपासणी रेश्मा मुजावर करायची. मूळची मिरजेची, केतकीच्या हाताखाली तयार झालेली. तिने आईची पाटी यंत्रात अडकवली, बंडोपंत सोडले, आणि थोड्या वेळाने केतकीच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"ताई, जरा येता का? ही पाटी मान वळवंना झालीय."

"म्हणजे?"

"बंडोपंत खिडकीपाशी गेले तरी ही आपली कोपऱ्यातच बघतीय. आपण हुकूम देतोय वळ म्हणून, ही म्हणतीय वळले. पण वळत काय नाही."

केतकी गेली. तिने स्वतः हुकूम देऊन पाहिले. पाटी दर वेळी 'वळले' असं सांगत होती आणि झोत मात्र जागचा हलत नव्हता. तिने व्होल्टेज पार काढून टाकलं. पूल वर यायला हवे होते. निम्मे आलेच नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली ते तारेला घट्ट चिकटलेले दिसले.

कारण समजायला तिला फार वेळ लागला नाही, आणि समजल्यावर इतकं साधं वाटलं की तिला स्वतःचीच कीव आली. पूल आणि तार यांच्यामध्ये काचेसारखा एक पातळ थर असतो. पूल क्षणभर झुकला, उठला, तर त्या थराला काही होत नाही. पण तोच पूल महिनोन् महिने खाली दाबून धरला, तर थेंब थेंब पाणी भिंतीत मुरावं तसा विद्युतभार त्या थरात मुरतो. मग व्होल्टेज काढलं तरी मुरलेला भार पुलाला सोडत नाही. बंडोपंत कधी थांबलेच नव्हते, म्हणून हे प्रयोगशाळेत कधी दिसलंच नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी बनवलेली पाटी त्यांनी सतत फिरणाऱ्या बाहुल्यावर तपासली होती. आणि आई सगळा पावसाळा आणि सगळा हिवाळा एकाच कुशीवर पडून होती.

"पण ताई," रेश्मा चाचरत म्हणाली, "झोत पलंगावरच अडकला होता, तर काकू बोळात गेल्या तेव्हा पाटीला पलंग रिकामा दिसायला पाहिजे होता ना? मग शांत श्वास कुणाचा दाखवला तिनं?"

 केतकीने त्या दुपारची नोंद उघडली. एवढे दिवस सगळ्यांनी, तिनेसुद्धा, फक्त हिरवा ठिपका पाहिला होता. त्यामागची रेघ कुणी पाहिली नव्हती. दुपारच्या जेवणापर्यंत आईचा श्वास होता, आखूड आणि घाईचा, एका बाजूने ओढल्यासारखा. मग अर्धवट खळबळ, जेमतेम चहाचा कप भरावा एवढा वेळ, म्हणजे रिकाम्या पलंगामुळे ठिपका लाल व्हायच्या आतच संपणारी. आणि मग लांबलचक श्वास. पाच-सहा संथ, मग एकदम थांबलेला, आता सुटतोय की नाही असं वाटायला लावणारा, आणि मग छाती हादरवून सुटणारा. वर बारीक थरथर. या श्वासाशी केतकीची लहानपणापासून ओळख होती. मामा त्याला 'कोयनेची मालगाडी' म्हणायचा. अप्पा घोरत होते. आईच्या पलंगावर.

ती रेघ जवळजवळ दोन तास चालली होती. मग अप्पा उठले, पलंग रिकामा झाला आणि पाटीने इमानेइतबारे लाल ठिपका दाखवला.

म्हणजे आई बोळात तितका वेळ पडून होती. हाक मारायला वाचा नव्हती. केतकीने हे वाक्य मनात दोनदा म्हणून पाहिलं. काही झालं नाही. तिने नोंद बंद केली, रेश्माला "चल, जेवून घेऊ" म्हणाली आणि कँटीनमध्ये जाऊन मटकीची उसळ आणि दोन पोळ्या खाल्ल्या. रेश्माला घास गिळवेना.

विभागप्रमुख शिरोडकर माणूस वाईट नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं, दार लावलं आणि पाणी पुढे केलं.

"उपाय आहे ना?"

"आहे. दर थोड्या वेळाने व्होल्टेज उलट्या दिशेने द्यायचं. मुरलेला भार तितकाच बाहेर येतो. नवीन सूचना सगळ्या पाट्यांना पाठवली की पुढे कुठलाही पूल चिकटणार नाही."

"मग पाठवून टाकू! सुंठीवाचून खोकला गेला. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"जे आधीच चिकटलेत त्यांच्यात भार फार खोल मुरलाय, ते त्याने सुटणार नाहीत, सर. त्या पाट्या उतरवाव्या लागतील. आणि कुठल्या ते इथे बसून कळत नाही, कारण त्या 'वळले' असंच सांगतात. घरोघर जाऊन बघावं लागेल. लोकांना सांगावं लागेल."

"ज्या चिकटल्यात त्या अंथरुणाला खिळलेल्यांच्याच खोलीत असणार. ती माणसं थोडीच उठून चालणारेत?"

"आईही चालणार नव्हती."

शिरोडकरने चष्मा काढून पुसला. मग हळू आवाजात म्हणाला, "केतकी, नियम तुला माहितीय. घरातली नोंद ज्याच्या श्वासाची, त्याच्या मालकीची. त्याच्या संमतीशिवाय ती बाहेर दाखवता येत नाही. आणि ती रेघ दाखवल्याशिवाय वरचे लोक पाट्या परत मागवणार नाहीत, एक चिकटलेली पाटी म्हणजे अपवाद म्हणतील. म्हणजे तुला अप्पांना सांगावं लागेल. बायको बोळात मरत होती आणि तुम्ही तिच्या पलंगावर घोरत होतात, असं. ऐंशीच्या माणसाला. सांगशील?"

"माहीत नाही."

"मग महिनाभर थांब. कुणी काही म्हणणार नाही."

महिना. त्या महिन्यात कुठल्या तरी खोलीत कुणाची तरी आई बऱ्या पायावर जोर देऊन उठून बसेल, हे केतकीला स्पष्ट दिसत होतं. आणि अप्पांचा चेहराही दिसत होता. दोन्हींपैकी एकाकडेही बघवत नव्हतं असं म्हणावं, तर तसंही नव्हतं. ती दोन्हींकडे नुसती बघत होती. तिने शिरोडकरला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारगेटहून साताऱ्याची गाडी पकडली.

अप्पांनी दार उघडलं. पाटबंधारे खात्यात जन्म काढलेला माणूस. अजून शर्ट खोचून घालायचे. "आज कशी काय? सुट्टी?" म्हणत त्यांनी चहा टाकला.  आईच्या पलंगावरची गादी गुंडाळून ठेवलेली होती. केतकी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. रस्त्यात तिने वाक्यं जुळवली होती, पण कपात चहा पडेपर्यंत त्यातलं एकही उरलं नाही.

"अप्पा, पाटी बिघडलेली होती," ती म्हणाली. "ती फक्त पलंगाकडे बघत होती. आई उठून गेली, तरीही."

अप्पांनी चहा गाळायचं थांबवलं नाही. "मला माहितीय."

"काय माहितीय?"

"मी होतो ना पलंगावर." ते समोर बसले. "जेवण झाल्यावर मी जरा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. आत आलो तर पलंग रिकामा, वॉकर जागेवर नाही, न्हाणीघरात दिवा लागलेला. मला इतका आनंद झाला गं, काय सांगू! ही आपली आपण उठली. म्हटलं मध्ये मध्ये करायला नको, रागावते. बसलो तिच्या पलंगावर वाट बघत. गादी ऊबदार होती अजून. पाठ टेकली आणि डोळा लागला."

केतकीने आपला कप पुढे ओढला.

"मग डॉक्टर म्हणाले, शेवटपर्यंत श्वास शांत होता, पाटीत दिसतंय. तेव्हाच माझ्या ध्यानात आलं, तो माझा."

"तुम्ही बोलला का नाही?"

"कसा बोलू? तुझं यंत्र. अख्ख्या गावात सांगत फिरलो होतो, माझ्या पोरीनं केलंय म्हणून. तन्या तिकडे त्या एका गोष्टीवर उभा होता. आणि..." अप्पांनी कप खाली ठेवला. "आणि लाज वाटली. ते आधी, बाकीचं सगळं नंतर."

दोघंही एकच खोटं दोन बाजूंनी उचलून धरत होती, आणि दोघांनाही वाटत होतं की ओझं एकट्याच्याच डोक्यावर आहे. केतकीने फोन काढून संमतीचं पान उघडलं. पाट्या किती घरांत आहेत, त्या का उतरवायला हव्यात आणि त्यासाठी ही नोंद चारचौघांत का दाखवावी लागेल, हे तिने एका दमात सांगितलं. सांगताना आवाज नेहमीचा होता, परिषदेत असतो तसा.

"दाखव की मग," अप्पा म्हणाले. "त्यात विचारायचं काय?" त्यांनी अंगठा पुढे केला आणि मध्येच थांबवला. "एक सांग. मला वाटलं होतं, डुलकी लागली असेल जराशी. तुझ्या त्या नोंदीत दिसत असेल ना? किती वेळ पडली होती ही?"

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक असायला हवं होतं. "थोडाच वेळ" हे शब्द तिच्या ओठावर तयार होते. पण ती नोंद उद्या सगळे पाहणार होते, अप्पाही पाहणार होते.

"दोन तासांच्या आसपास, अप्पा."

अप्पांचा चेहरा हळूहळू उतरला. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग टेबलाकडे, मग स्वतःच्या हाताकडे.  शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

"घोरत होतो का मी?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मोठ्याने?"

"नेहमीसारखं."

"मग तिला ऐकू आलं असेल," अप्पा म्हणाले. "हो ना? बोळात ऐकू जातंच ते. मी घरातच आहे, हे तिला कळत असेल. एकटी आहे असं नसेल वाटलं."

 यावर केतकीजवळ एकही मोजमाप नव्हतं. आईला शुद्ध होती की नाही, हे जगातली कुठलीच पाटी आता सांगू शकणार नव्हती. आणि ऐकू आलं असेल, तर त्या आवाजाने आईला धीर आला असेल की आणखी काही झालं असेल, हेही नाही.  इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला कुठेतरी दुखलं.

"हो, अप्पा," ती म्हणाली. "दार उघडं होतं. ऐकू आलं असणार."

अप्पांनी मान हलवली आणि फोनवर अंगठा टेकवला.